वाय-फाय राऊटरवर हक्क कोणाचा? हवामान रडारची सुरक्षा आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य

नवी दिल्ली : घरातील वाय-फाय राऊटर हा वस्तुतः एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि त्याचे सर्व कार्य नियंत्रित करणारी आज्ञावली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. राऊटर विकत घेणाऱ्याला ही आज्ञावली बदलण्याची मुभा असावी की नाही, या प्रश्नावर अमेरिकेत २०१५ आणि २०१६ मध्ये मोठा वाद झाला. बिनतारी उपकरणांचे नियम जेथे जेथे केले जातात, तेथे हा प्रश्न आजही उपस्थित होतो.

या प्रश्नाची पार्श्वभूमी लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राऊटरशी निगडित आहे. तो २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारित असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले आणि लिनक्सच्या परवान्यातील अटींनुसार २००३ मध्ये त्याची मूळ संहिता खुली करण्यात आली. त्या संहितेच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. पुढे डीडी-डब्ल्यूआरटीसारखे अन्य पर्यायही लोकप्रिय झाले.

या स्वातंत्र्याचे लाभ केवळ हौशी तंत्रज्ञांपुरते मर्यादित राहिले नाहीत. उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा देणे बंद केलेले अनेक जुने राऊटर मुक्त फर्मवेअरमुळे सुरक्षितपणे वापरता येतात. घरात एकाने मोठी फाइल पाठवली की दुसऱ्याचे संभाषण अडखळते. या दोषावरील संशोधनाच्या चाचण्या अशाच बदललेल्या राऊटरवर झाल्या आणि त्यावरील उपाय २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. हिमाचल प्रदेशातील धर्मशाला परिसरात दुर्गम वस्त्यांना जोडणारे बिनतारी जाळे उभारतानाही बाजारातील स्वस्त राऊटरमध्ये बदल करूनच ते वापरण्यात आले होते.

दुसऱ्या बाजूची चिंताही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील अनेक विमानतळांजवळ वाऱ्याच्या वेगातील व दिशेतील आकस्मिक बदल टिपणारे विशेष डॉप्लर रडार आहेत. ते ५,६०० ते ५,६५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा याच परिसरात येतो. त्यामुळे राऊटरने रडारचा संकेत ओळखताच १० सेकंदांत ते चॅनेल सोडावे आणि पुढील ३० मिनिटे तेथे परतू नये, असा नियम आहे. मात्र २००९ मध्ये प्युर्तो रिकोतील सान हुआन येथे रडारच्या कामात व्यत्यय येत असल्याचे आढळले. त्याचे मूळ प्रामुख्याने इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांनी उंच जागी, उघड्यावर बसवलेल्या उपकरणांत होते.

अशा घटना टाळण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजेच एफसीसीने, २०१४ मध्ये नियम कडक केले. मंजूर कंप्रता आणि प्रक्षेपणशक्ती यांत कोणालाही फेरफार करता येऊ नये, अशी तजवीज उत्पादकांनी करावी, असे त्यात होते. मार्च २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांत तर डीडी-डब्ल्यूआरटीचा थेट उल्लेख करून, असे फर्मवेअर बसवण्यापासून उपकरणाचे संरक्षण कसे केले आहे, याचा तपशील मागण्यात आला.

वादाचे मूळ येथेच होते. कायद्याचा रोख केवळ प्रक्षेपणावर होता. परंतु स्वस्त राऊटरमध्ये रेडिओ आणि प्रोसेसर बहुधा एकाच चिपवर असतात. अशा वेळी केवळ रेडिओचा भाग वेगळा संरक्षित करण्यापेक्षा संपूर्ण फर्मवेअरलाच कुलूप लावणे उत्पादकाला सोपे आणि कमी खर्चाचे पडते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि डेव्ह टाट यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी एफसीसीला निवेदन दिले. राऊटर बंदिस्त करण्याऐवजी त्याची संहिता परीक्षणासाठी खुली करावी आणि उघड झालेले सुरक्षा-दोष ४५ दिवसांत दूर करणे उत्पादकांवर बंधनकारक करावे, असा पर्याय त्यांनी मांडला. नोव्हेंबरमध्ये एफसीसीने सूचनांची भाषा बदलली. मुक्त फर्मवेअरवर बंदी घालण्याचा हेतू नसून निर्बंध केवळ रेडिओच्या मर्यादा ओलांडण्यापुरते आहेत, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

तरीही टीपी-लिंक कंपनीने २०१६ च्या प्रारंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या राऊटरवर निर्बंध आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी आणि एफसीसी यांच्यात तडजोड झाली. कंपनीच्या काही राऊटरमधील देश निवडण्याच्या सुविधेमुळे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परवानगीपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करता येत होते. त्याबद्दल कंपनीने दोन लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. ही त्रुटी कंपनीच्या स्वतःच्या उपकरणांत होती, हे लक्षणीय आहे. याच तडजोडीत मुक्त फर्मवेअरला वाव मिळावा यासाठी विकसक आणि चिप-निर्माते यांच्यासोबत काम करण्याची हमीही कंपनीने दिली. दरम्यान, लिंक्सिसने रेडिओविषयक माहिती संरक्षित जागी स्वतंत्र ठेवून आपली डब्ल्यूआरटी मालिका खुलीच राहील, असे जाहीर केले होते.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशातही, नियमांशी सुसंगतता सिद्ध झालेलेच सॉफ्टवेअर उपकरणात चढवता यावे, अशी तरतूद आहे. ती लागू करण्यासाठी युरोपीय आयोगाला स्वतंत्र आदेश काढावा लागतो.

भारतातही हे दोन्ही हितसंबंध अस्तित्वात आहेत. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झ परिसरातील ६०५ मेगाहर्ट्झ लहरी वाय-फायसाठी परवानामुक्त झाल्या. त्यात ५,४७० ते ५,७२५ मेगाहर्ट्झ हा पट्टाही येतो. अन्य सेवांना व्यत्यय न आणण्याची अट अर्थातच कायम आहे. मुंबईत वेरावली येथे २०२२ मध्ये कार्यान्वित झालेले हवामान विभागाचे डॉप्लर रडार ‘सी-बँड’ म्हणजे ४ ते ८ गिगाहर्ट्झ या व्यापक पट्ट्यातील आहे. मुसळधार पावसाचा वेध घेणाऱ्या यंत्रणेला लहरी निर्वेध मिळणे जितके आवश्यक, तितकेच उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेला राऊटर सुरक्षित करण्याचा मार्ग ग्राहकासाठी मोकळा राहणेही आवश्यक आहे. रेडिओच्या मर्यादा संरक्षित ठेवून उर्वरित आज्ञावली खुली ठेवणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे, हे अमेरिकेतील अनुभवाने दाखवून दिले आहे. नियमांची शब्दरचना करताना या दोन भागांतील सीमारेषा स्पष्ट ठेवली, तर रडार आणि राऊटर या दोहोंचे हित साधता येते.