विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर

पनवेल तालुक्यात विहिरीची काळजी आता गाळ आणि जंतू यांच्यापुरती राहिलेली नाही. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग निघतो, न्हावाशेव्याच्या बंदराकडे अवजड गाड्यांची रांग लागलेली असते. रस्त्याच्या कडेला पेट्रोलपंप, त्यांच्या जमिनीत पुरलेल्या टाक्या, गॅरेजपुढे सांडलेले काळे तेल. मुंबईहून पुण्याकडे जाणारी इंधनाची वाहिनीही याच जिल्ह्याच्या पोटातून जाते. जमिनीखाली गळती झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती शेजारच्या विहिरीत. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ साली असेच झाले. लोकांच्या बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, तेव्हा कुठे जमिनीखालची तेलवाहिनी गळते आहे हे उघडकीला आले.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला की लगेच घाबरू नका. काठीने तो ढवळून पाहा. लोखंडाच्या जंतूंची साय असेल तर तिचे खपल्यांसारखे तुकडे होतात. तेल असेल तर फाटलेला तवंग पुन्हा जुळून येतो. तेलच निघाले तर आधी आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन पाहा. पुष्कळदा चोर घरातच सापडतो!

पण वास पेट्रोलचा असेल तर विहीर उपसायला माणूस खाली उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साठून राहते. खाली गेलेला गुदमरतो आणि त्याला काढायला गेलेलाही. काठावर विडी पेटवू नका, कंदील खाली सोडू नका. ते पाणी पिण्याला वा स्वयंपाकाला घेऊ नका. उकळून ते पिण्याजोगे झाले असे समजू नये. उकळताना निघणारी वाफ चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकात जाते. तुरटीने आणि ब्लीचिंग पावडरनेही तेल जात नाही.

आता तपासणीचे. ग्रामपंचायतीकडून होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. तेल त्यात पाहत नाहीत, म्हणून ‘पाणी योग्य’ असा दाखला मिळाला तरी तो या बाबतीत कामाचा नाही. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा, पेट्रोलचा संशय असेल तर बेन्झीन, टोल्यूइन आणि झायलीन तपासा, डिझेलचा असेल तर एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे खनिज तेल लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. बेन्झीनने रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा अवघी ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी ती ओलांडलेली असते.

बाटली मात्र घरची नको, पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची तर मुळीच नको. काचेच्या बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. त्यात थोडे आम्ल घातलेले असते, ते विसळून टाकू नका. बेन्झीनची छोटी बाटली काठोकाठ भरून, एकही बुडबुडा न ठेवता बंद करावी, कारण ते उडून जाते. तेलाची मोठी बाटली उलट थोडी रिकामी ठेवावी, म्हणजे आम्ल सांडत नाही. नमुना पहाटे, पंप सुरू करण्यापूर्वी घ्या. बोअर असेल तर मात्र आधी पंप काही वेळ चालवून नळीतले शिळे पाणी जाऊ द्या. बाटल्यांवर विहीर, तारीख, वेळ लिहा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचत्या करा.

हा नमुना तुमच्या माहितीसाठी. तक्रार करायची असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याला कोणत्याही विहिरीतून नमुना घेता येतो. मंडळाची प्रयोगशाळा जवळच, महाप्याला आहे. नमुना घेताना सरपंच आणि शेजारचे दोघे हजर असू द्या.

एकदा पाणी निर्मळ निघाले म्हणून विसंबून राहू नका. आपल्याकडे मुरुमाखाली काळा कातळ आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते, त्यामुळे जवळची विहीर चांगली आणि लांबची नासलेली असेही घडते. उन्हाळ्यात मुरुमात अडकलेले तेल पावसात पाणी चढले की पुन्हा वर येते. म्हणून एक नमुना मे महिन्यात आणि दुसरा पाऊस सरल्यावर द्यावा.