खाणीचे पाणी आणि विहिरीची साक्ष



पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की मोशी ओलांडल्यावर, चाकणच्या अलीकडे कुरुळी हे गाव लागते. त्याच्या सभोवार आता कारखान्यांची दाटी झाली आहे. या गावात कोणी विहीर खणली, तर माती-मुरुमाखाली काळा पाषाण लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा हा खडक होय. त्यात कोळसा मिळावयाचा नाही. तरीही कोळशाच्या खाणीची गोष्ट कुरुळीकरांनी ऐकावी, अशी आहे. आपल्या घरातील दिवा आणि कारखान्यातील यंत्र ज्या वीजजाळ्यावर चालते, त्यात चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचीही वीज येते. आणि ते केंद्र कोळशावर चालते. दिवा येथे लागतो. त्यापायी तिकडे कोणाची विहीर आटते काय, हे पाहणे मग आपलेही काम ठरते.

वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोऱ्याजवळ एकोणिसाव्या शतकातच सरकारी खाण सुरू झाली होती. आज त्या भागातील बहुतेक खाणी १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या आहेत. तेथील कोळसा वालुकाश्मांच्या थरांत सापडतो, आणि त्यावर पसरलेला कामठी वालुकाश्म स्पंजासारखा पाणी धरून ठेवणारा आहे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली, की चहूकडचे पाणी तिच्यात पाझरू लागते. ते उपसले नाही तर काम बंद पडेल. उपसले, तर भोवतालची पातळी नरसाळ्याच्या आकाराने खाली जाते. याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. एका शेतकऱ्याची विहीर कोरडी पडते, आणि दुसऱ्याच्या बांधालगतचा नाला भर उन्हाळ्यात गढूळ पाण्याने वाहू लागतो. पाणी तेच असते. केवळ त्याची वाट बदललेली असते.

हे बदल मोजावयाचे कसे? लहान झरा असेल, तर बादली व घड्याळ पुरे. वीस लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली, तर तो झरा दिवसाला ४३,२०० लिटर पाणी देतो. खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्यासाठी काटकोनी त्रिकोणी खाच पाडलेली फळी प्रवाहात आडवी बसवितात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची दहा सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर पाणी जाते. वीस असेल, तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट, पण पाणी साडेपाच पटींहून अधिक! म्हणून नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबता येत नाही. विहिरीत मात्र काठावरील एका ठराविक खुणेपासून पाण्यापर्यंत फीत सोडावी लागते. भूजलाची पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारी अशी वर्षातून चार वेळा नोंदवावी, अशी अट खाणींच्या पर्यावरण-मंजुरीत घातली जाते.

पाण्याच्या गुणांचीही परीक्षा हवी. कोळसा खाणींसाठी २००० साली ठरलेल्या मानकांनुसार नाल्यात सोडावयाच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा, आणि तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावा. सामू घसरू लागला तर ती धोक्याची सूचना समजावी. कोळशातील गंधकयुक्त लोहखनिजाला हवा व पाणी लागले, की आम्ल तयार होते. मेघालयातील जयंतिया टेकड्यांत अशा आम्लाने नद्यांतील मासे नाहीसे झाले. सुदैवाने आपल्याकडील बहुतेक कोळशात गंधक कमी आहे. तथापि परीक्षा टाळण्यास ते कारण पुरेसे नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. विहीर आटली, की शेतकरी खाणीकडे बोट दाखवितो, आणि खाणवाले अपुऱ्या पावसाकडे. निवाडा कोणी करावा? तो दोन विहिरींची तुलना करते. एक खाणीजवळची, दुसरी त्याच जातीच्या खडकातील, पण खाणीच्या प्रभावापलीकडची. समजा, एकाच अवर्षणात दूरची विहीर दोन मीटर उतरली आणि जवळची सहा. मग दोन मीटरांचे उत्तर पाऊस देईल. उरलेल्या चारांचा जाब खाणीला विचारता येईल. मात्र पहिली कुदळ पडण्यापूर्वीची नोंद हाती असेल, तरच हा हिशेब टिकतो. ती नोंद मागाहून करता येत नाही. खाण बंद झाल्यावरही वही मिटून चालत नाही. कारण उपसा थांबला, की पाणी पुन्हा चढू लागते आणि अनपेक्षित ठिकाणी पाझरते.

उपसलेले पाणी टाकाऊच असते, असेही नव्हे. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून पिण्यासाठी पुरविण्याचा उपक्रम झाला आहे. परंतु ज्याची विहीर आटली, त्याच्यापर्यंत ते पाणी पोहोचते की नाही, हेही नोंदले गेले पाहिजे.

कुरुळीजवळ खाण नाही. पण कारखाने आहेत, कूपनलिका आहेत, आणि दक्षिणेस इंद्रायणी आहे. आळंदीला तिच्यावर फेस आला म्हणजे आपण हळहळतो, आणि फेस विरला की विसरतो. हळहळीने पुरावा तयार होत नाही. गावातील दोन-चार विहिरी निवडून, खूण करून, शाळेतील मुलांनी एखाद्या शिक्षकांच्या देखरेखीखाली दरमहा एकदा फीत सोडावी आणि तारखेसह आकडा लिहावा. विहिरीला वाचा नसते. तिच्या वतीने बोलेल ती ही वहीच.