नफ्यासाठी नव्हे, राखण्यासाठी घेतलेली जमीन

मुले-नातवंडे शिक्षण वा व्यवसायानिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्याने आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे उन्हाळ्यात तिकडे जाणे होते. लंडन पाहून झाल्यावर उरलेल्या दिवसांचे काय करावे, असा प्रश्न पडतो. त्यावर तेथील लोकांनी फार पूर्वीच एक उत्तर शोधले आहे. खेड्यातील एखादे लहानसे घर आठवडाभर भाड्याने घ्यावे आणि तेथून आसपासची राखीव निसर्गक्षेत्रे सावकाश पाहावीत.

यासाठी पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगणा विशेष सोयीचा आहे. लंडनहून मोटारीने साधारण तीन-साडेतीन तासांत तेथे पोहोचता येते. गारगोटीच्या भिंती, लाल कौले, समोर मैलोगणती दलदल आणि पलीकडे उत्तर समुद्र, असा तेथील देखावा आहे.

अशा घराचा आपल्याला होणारा मोठा लाभ म्हणजे स्वतंत्र स्वयंपाकघर. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांना उपाहारगृहातील चौकशीचा त्रास उरत नाही. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. त्यामुळे दिवसभर हिंडून आल्यावरही चौविहार निवांतपणे साधतो. डिसेंबरात मात्र सूर्य चारच्या आतच मावळतो. डाळी, पीठ व मसाले लंडन किंवा लेस्टर येथूनच बरोबर न्यावेत.

क्लेची दलदल

या किनाऱ्यावर क्ले नावाचे गाव आहे. एकेकाळी दुर्मीळ पक्षी टिपण्यासाठी बंदूकधारी हौशी मंडळी येथे जमत असत. १९२६ मध्ये डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने येथील सुमारे ४०७ एकर दलदल ५,१६० पौंडांना विकत घेण्यात आली. पक्ष्यांच्या विणीसाठी ती कायमची राखावी, हाच या खरेदीचा हेतू होता. त्याच वर्षी स्थापन झालेली नॉरफोकची निसर्ग-न्याससंस्था इंग्लंडमधील परगणानिहाय न्यासांपैकी पहिली ठरली आणि पुढे इतर परगण्यांनी तिचा कित्ता गिरवला.

जमीन घेताना उद्या तिला काय भाव येईल, हे पाहण्याची आपली रीत आहे. येथे घेणाऱ्यांनी ती पुन्हा विकली जाऊ नये म्हणूनच पैसे मोजले. आज शंभर वर्षांनंतरही लाकडी लपणात बसून तेथील पाणपक्षी पाहता येतात. सदैव चुळबुळणारी मुलेही त्या अंधाऱ्या खोलीच्या अरुंद फटीतून पाहताना कुजबुजत बोलू लागतात.

पिसांचा बाजार

या चळवळीची मुळे एका व्यापाराच्या विरोधात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवत. हे तुरे विणीच्या काळातच फुलतात. त्यामुळे पक्षी मारला की घरट्यातील पिल्लेही उपासमारीने मरत. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी या पिसांवर बहिष्कार घालणारी स्त्रियांची संस्था स्थापन केली. तीच पुढे पक्षीरक्षणाची राजमान्य संस्था झाली. पिसांची आयात रोखणारा कायदा होण्यास मात्र १९२१ साल उजाडावे लागले. त्या व्यापाराने ज्याचा संहार झाला, त्या लहान बगळ्याने १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये घरटे केल्याची नोंद झाली. आता नॉरफोकच्या दलदलीत तो सहज दिसतो.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, तसेच सरोवरे व तळी शोषून घेण्याचे कर्मही आहे. वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा ॲव्होसेट पक्षी शिकार, अंड्यांची लूट आणि दलदलींचा निचरा यांमुळे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून वीण सोडून गेला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला अडविण्यासाठी शेजारच्या सफोक परगण्यात किनाऱ्यावरील जमिनीत पाणी सोडले गेले आणि १९४७ मध्ये तो तेथे परतला. पाणी परत आले, तसा पक्षीही परत आला.

पाऊल जपून

क्लेच्या पश्चिमेला ब्लेकनीची वाळूची जिव्हा आहे. ती १९१२ पासून राखीव आहे. सुरय पक्षी येथे उघड्या गोट्यांतच अंडी घालतात आणि अंड्यांचा रंगही गोट्यांसारखाच असतो. म्हणून एप्रिल ते ऑगस्ट या काळात दोऱ्या बांधून विणीच्या जागा बंद केल्या जातात. चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती मुलांना समजावून सांगण्यास याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. हिवाळ्यात तेथे करड्या सीलची पिल्ले जन्मतात. मॉर्स्टनहून सुटणाऱ्या होडीतून ती दुरूनच पाहावीत.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगावयास हवी. या क्षेत्रांचे सारेच व्यवहार आपल्या जीवदयेच्या कल्पनेत बसत नाहीत. जमिनीवर वीण करणारे पक्षी वाचविण्यासाठी इंग्लंडमधील काही राखीव क्षेत्रांत कोल्हे व कावळे मारले जातात आणि संस्था ते उघडपणे मान्य करतात. त्यांची दृष्टी एका जातीच्या रक्षणाकडे असते, आपली प्रत्येक जीवाकडे. हा मतभेद खरा आहे. मुलांपासून तो लपवू नये. संध्याकाळी घरी बसून त्यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

तरीही या प्रवासातून बरोबर आणण्याजोगे काही आहेच. गावाबाहेरचे तळे बुजवून तेथे प्लॉट पाडण्याच्या व्यवहारात भागीदारीचे निमंत्रण आपल्यापैकी अनेकांना येते. पुढच्या वेळी असा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी एकदा त्या तळ्याकाठी जाऊन यावे आणि तेथे कोण राहते ते पाहावे.