‘ताल’ आणि ‘शीर्ष’ : फॅशनचित्रातील मानवाकृतीचे मान

वेशभूषेची कल्पना कागदावर मांडण्यासाठी जी मानवाकृती रेखाटतात तिला फ्रेंचमध्ये ‘क्रोकी’ म्हणतात. भरभर रेखाटणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला आहे. नवशिक्यांस ही आकृती शिकविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘नऊ शीर्षां’ची रीत. मराठीत तिचे विवरण करताना आपल्या शिल्पशास्त्रातील ‘नवताल’ ही संज्ञा योजण्याचा मोह साहजिकच होतो. ती योजना कितपत ग्राह्य आहे हे ठरविण्यापूर्वी मूळ रीत पाहणे इष्ट होईल.

प्रथम २७ सेंटिमीटर लांबीची उभी रेषा काढून तिचे ९ समान भाग पाडावेत. सर्वांत वरच्या भागात मस्तक बसवावे. हनुवटी पहिल्या खुणेवर येईल. खांद्यांची रेषा दीड भागावर, छातीची दुसऱ्या, कमरेची तिसऱ्या व जांघेची चौथ्या खुणेवर घ्यावी. गुडघे सहाव्या खुणेच्या किंचित खाली व पावलांची टोके नवव्या खुणेवर येतात. खांद्यांची रुंदी सुमारे दीड शीर्ष धरावी. हात खाली सोडले असता कोपर कमरेशी व मनगट जांघेशी येते. एका पायावर भार दाखवावयाचा असल्यास त्या बाजूचा नितंब वर उचलावा व खांदा खाली झुकवावा. मात्र गळ्याच्या खळगीपासून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पावलाशीच आला पाहिजे. अन्यथा आकृती कलती भासते.

प्रत्यक्षात प्रौढ मनुष्याची उंची सुमारे साडेसात शीर्षे असते व जांघ साधारणपणे तिच्या मध्यावर येते. म्हणजे येथे वाढविलेल्या दीड शीर्षापैकी पाव शीर्ष तेवढे वरच्या भागाच्या वाट्यास येते व सव्वा शीर्ष पायांच्या. वस्त्राचा घोळ व पडण ठसठशीत दिसावी, हा या अतिशयोक्तीचा हेतू होय. म्हणूनच अशा आकृतीवरून कपडे बेतण्याची मापे काढू नयेत.

आता संज्ञेचा विचार करू. ‘ताल’ म्हणजे अंगठा व मधले बोट ताणून होणारी वीत. शिल्पशास्त्रात तेच मुखाचे मान. एक ताल १२ अंगुळांचा आणि नवताल प्रतिमा १०८ अंगुळांची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही मुखाची लांबी १२ अंगुळेच सांगितली आहे. परंतु मुख म्हणजे केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा भाग. शीर्ष टाळूपासून मोजावयाचे असते. या दोहोंचे प्रमाण रोमन वास्तुकार विट्रूव्हियस याच्या ग्रंथात स्पष्ट मिळते. त्याच्या मते मुख हे उंचीचा दहावा भाग, तर मस्तक आठवा भाग असते. म्हणजे १० मुखे ही ८ शीर्षांबरोबर होत. या हिशेबाने ९ ताल म्हणजे सुमारे ७.२ शीर्षे. त्यात केसांचा भाग वेगळा मिळविला तरी आकृती साडेसात शीर्षांच्या आसपासच राहते.

तात्पर्य, नवताल प्रतिमा मनुष्याच्या स्वाभाविक मानाजवळ आहे, तर नऊ शीर्षांची आकृती त्यापासून बुद्ध्याच दूर नेलेली आहे. ‘नऊ’ ही संख्या दोन्हीकडे समान असली, तरी मोजण्याचे एकक भिन्न आहे. ‘नवताल’ हा शब्द वाचून आकृती काढणारा विद्यार्थी आखूड पायांची आकृती काढील, आणि तीत दोष त्याच्या हाताचा नसून संज्ञेचा असेल. यास्तव या आकृतीस ‘नवशीर्ष’ म्हणावे व ‘नवताल’ हा शब्द मूर्तिविचारासाठीच राखून ठेवावा, हे उचित होय.