दोन बोटांची जागा

मंडळी, आज कवितेबद्दल नाही, गाडीबद्दल बोलणार आहे. माझं शिक्षण बीएपर्यंतचं, तेही कला शाखेतलं. गाडीबद्दल जे काही कळतं, ते गॅरेजसमोरच्या बाकावर चहा पिता पिता कळलं.

जुन्नर-आंबेगावात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना जीपगाडीचं मोल सांगायला नको. आपटाळे असो, ओतूर असो की घोडेगाव, एसटी चुकली की जीप. कांद्याची पोती, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळ्यांना तीच. यातल्या बऱ्याच जीपा जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या. १९८०-९०च्या दशकांत डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त होतं. मग गॅरेजवाल्यांनी युक्ती काढली. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि डिझेलचं चढवायचं. आकुर्डीची बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, मर्सिडीझच्या परवान्यानं ‘ओएम ६१६’ नावाचं सुमारे २४०० सीसीचं डिझेल इंजिन बनवत असे. मोडीत निघालेल्या गाडीतलं असं एखादं इंजिन जीपच्या पोटात जाई. मालक खूश, प्रवासी खूश.

अशाच एका जीपमधून मी भीमाशंकरहून खाली येत होतो. गाडीत बारा-तेरा माणसं. पोखरीच्या घाटात ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि पेडल थेट पत्र्याला टेकलं. तो घाबरला नाही. त्यानं गिअर खाली आणला आणि हँडब्रेक ओढला. त्या जीपचा हँडब्रेक मागच्या प्रोपेलर शाफ्टला धरायचा, त्याला ब्रेक ऑइल लागत नसे. गाडी डोंगराच्या अंगाला घासत उभी राहिली. खाली वाकून पाहिलं, तर मागच्या ब्रेकचा रबरी होज सायलेन्सरच्या पाईपला टेकून भाजला आणि फाटला होता. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलची वाट एकच. एक होज फुटला की चारही चाकं मोकळी.

इंजिन आठवड्यापूर्वीच बदललेलं होतं. ज्या मिस्त्रींनी ते बदललं, ते म्हणाले, ‘‘साहेब, मी दोन बोटं जागा ठेवली होती.’’ ते खोटं बोलत नव्हते. गॅरेजमध्ये, रिकाम्या गाडीखाली, ती जागा होतीच. पण माणसं बसली, पाटे दबले, मागचा ॲक्सल वर आला, होजला बाक आला आणि ती दोन बोटं संपली.

इंजिन बदलण्याच्या कामातली खरी गोम इथे आहे. इंजिन बसलं, सुरू झालं, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण उभ्या गाडीत दिसणारी जागा ही खरी जागा नव्हे. चालत्या गाडीत चार गोष्टी हलतात. पहिली, पाटे. खड्ड्यागणिक ॲक्सल वर-खाली होतो. शिवाय डिझेलचं इंजिन जड असेल, तर गाडीचं नाक आधीच खाली बसलेलं असतं. दुसरी, स्टिअरिंग. चाकं वळली की त्यांचे दांडेही सरकतात. तिसरी, खुद्द इंजिन. ते रबराच्या फाउंडेशनवर उभं असतं. चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की ते एका कुशीवर कलतं आणि त्याला बांधलेला पाईपही झुलतो. चौथी, उष्णता. दोन मीटर लांबीचा लोखंडी पाईप ३०० अंशांनी तापला, तर सुमारे सात मिलिमीटरनं लांबतो. दोन्ही टोकं आवळून बांधली, तर तो कुठेतरी वाकणार, नाहीतर जोड फोडणार.

मग जागा मोजायची कशी? आमच्या गावात एक वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा इंजिन चेनपुलीला लटकवून ठेवत आणि फाउंडेशनचं वेल्डिंग सर्वांत शेवटी करत. चासी घोड्यांवर ठेवून ते पाट्यांच्या जुडीतला मुख्य पाटा तेवढा ठेवत, बाकीचे काढून टाकत. मग जॅकनं ॲक्सल वर उचलत, पार चासीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत. म्हणजे मोठ्यात मोठ्या खड्ड्यात ॲक्सल जिथे जाईल, तिथे तो गॅरेजमध्येच आणून ठेवायचा. त्या स्थितीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि प्रत्येक जागी बोट घालून पाहायचं. इंजिनाचं चेंबर पुढच्या ॲक्सलला लागतं का, पाईप पाट्याला लागतो का, स्टिअरिंगचा दांडा मॅनिफोल्डजवळ जातो का. जिथे बोट जात नसे, तिथे ते घट्ट कणकेचा गोळा चिकटवत आणि पाईप गार असतानाच गाडी उंचवट्यावरून एकदा हळू नेऊन आणत. चेपलेल्या कणकेची जाडी म्हणजे उरलेली जागा.

जागा कमी पडली, तर उपाय काय? पहिला उपाय इंजिनच सरकवणं. वेल्डिंग होण्याआधी ते दोन सेंटिमीटर वर किंवा मागे घेणं सोपं असतं, नंतर पाईपची कसरत करणं अवघड. वर घेताना बॉनेट आणि पुढे घेताना रेडिएटरचा पंखा आडवा येतो, हे ध्यानात ठेवायचं. दुसरा, पाईपची वाट बदलणं. ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या एका बाजूला, पाईप दुसऱ्या बाजूला. ॲक्सलवरून जाताना पाईपला मोठी कमान द्यायची. अगदीच अडलं, तर तेवढा तुकडा चपटा करून घ्यायचा, पण आतली पोकळी कमी होऊ द्यायची नाही. हातोड्यानं चेपलेल्या पाईपमुळे धूर तुंबतो आणि इंजिन तापतं. तिसरा, मॅनिफोल्डनंतर लवचिक जाळीचा तुकडा आणि पुढे पाईपला रबराचे हँगर. इंजिन डोलेल, पाईप लांबेल, पण काही तुटणार नाही. चौथा, आडोसा. पाईप आणि ब्रेकची नळी यांच्यात पत्रा लावायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना हवेला वाट ठेवायची. डॉट-३ जातीचं नवं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. तेच ऑइल हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की प्रमाण १४० अंशांवर येतं. तापलेला पाईप जवळ असेल, तर तेवढी उष्णता नळीला सहज मिळते आणि उकळलेलं ऑइल ब्रेक दाबत नाही.

पाट्यांच्या बाबतीत लोक घाई करतात. नाक खाली बसलं की एक पाटा वाढवतात, किंवा लांब शॅकल लावतात. पाटा वाढवला की जागा मिळते, पण गाडी टणक होऊन उड्या मारते. पुढच्या ॲक्सलला लांब शॅकल लावलं की त्याचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. आधी बसलेले पाटे कारागिराकडून ठोकून पुन्हा कमानीत आणावेत, मग काय ते ठरवावं.

गंमत म्हणजे हा प्रश्न खुद्द जीप बनवणाऱ्यांनाही पडला होता. १९५३ साली विलिस कंपनीनं जीपमध्ये नवं उंच ‘हरिकेन’ इंजिन घातलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. त्यांनी बॉनेटच उंच केलं आणि ‘सीजे थ्री-बी’ जन्मली. महिंद्रनं पुढे तीच आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. आपण पाहिलेली उंच कपाळाची जीप ती हीच.

आता एक सावधगिरीची गोष्ट. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही. इंधन बदलायचं झालं, तरी त्याचे ठरलेले नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या फेरफाराविरुद्ध निकाल दिला. त्यामुळे जुन्या जीपला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारावं. विम्याचा प्रश्नही त्याच कागदावर अडतो.

चाचा आता नाहीत. गाडी घ्यायला आलेल्या मालकाला ते किल्ली लगेच देत नसत. ‘‘आधी बारा माणसं बसव,’’ म्हणत आणि स्वतः गाडीखाली शिरत. पोखरी घाटातल्या त्या दिवसानंतर मला त्यांच्या या हट्टाचा अर्थ कळला.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)