गढूळ पाण्यात झगझगीत दिवा कुचकामी

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. अशा जलाशयात कोणी बुडाले, की काठावर गर्दी जमते आणि सगळ्यांचे डोळे पाणबुड्यांकडे लागतात. ‘मोठा टॉर्च घेऊन उतरा’ असा सल्लाही कोणीतरी देतोच. पाण्याखाली मात्र हा सल्ला अनेकदा उलटा ठरतो.

पावसाळ्यात नदी-नाले जलाशयात गाळ आणतात. दिव्याचा प्रकाश या कणांवर आदळून परत डोळ्यांकडे येतो. धुक्यात गाडीचा हाय बीम लावला, की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसाच हा प्रकार. दिवा जितका प्रखर, तितकी ही भिंत दाट!

म्हणून दिवा निवडताना केवळ ल्युमेनचा आकडा पाहू नये. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश. तो किती अंशांत पसरतो, हेही तितकेच महत्त्वाचे. गढूळ पाण्यात सुमारे १० अंशांचा अरुंद झोत कामी येतो. १०० अंशांच्या आसपास पसरणारा झोत स्वच्छ समुद्रात चित्रीकरणासाठी चांगला. दिवा कपाळावर बांधण्यापेक्षा हात लांब करून बाजूने धरावा. मग परतणारा प्रकाश थेट डोळ्यांत कमी येतो.

स्वच्छ समुद्रात दिवसाही दिवा लागतो, कारण पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेते. खोलवर जखमेतले रक्तही हिरवट-काळपट दिसते. दिवा पाडला, की ते पुन्हा लाल दिसते.

पावसात चालणारा टॉर्च पाण्याखाली चालेलच असे नाही. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे दिव्यावर खोलीची मर्यादा लिहिलेली आहे का, हे तपासावे. झाकणाच्या रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला, तरी पाणी आत शिरते. सोबत दुसरा दिवा हवाच, आणि मुख्य दिवा विझला तर बुडी तिथेच संपवून वर यावे. झोत सहकाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नये, कारण डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. झोत संथपणे गोल फिरवला तर ‘ठीक आहे’, आणि आडवा भराभर हलवला तर ‘मदत हवी’, असा संकेत आहे.

पाणी फारच गढूळ असेल, तर प्रशिक्षित पाणबुडेही दोराच्या आधाराने, हाताने चाचपडत शोध घेतात. तेव्हा दिव्याचा उपयोग उरतो तो हवेचा दाब दाखवणारा काटा वाचण्यापुरता. त्यामुळे टॉर्च हाती आहे म्हणून अप्रशिक्षित माणसाने पाण्यात उडी घेऊ नये. काठावरून दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी, ११२ क्रमांकावर कळवावे आणि माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा झाड, खडक अशा दोन खुणांच्या आधारे पक्की लक्षात ठेवावी. पथकाला या माहितीचा उपयोग कोणत्याही दिव्यापेक्षा जास्त होतो.