स्पेसबारने रकाने जुळत नाहीत

गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक हिशेब टाइप करताना खर्चाच्या बाबी डावीकडे आणि रकमा उजवीकडे घ्यायच्या असतात. मधली जागा बहुतेक जण स्पेसबार दाबत भरतात. पडद्यावर रकमा एकाखाली एक दिसतात, पण तीच फाइल चिटणिसांच्या संगणकावर उघडली की आकडे पुढेमागे सरकलेले असतात. मग दोष संगणकाला दिला जातो. संगणकाने मात्र दिलेल्या स्पेस जशाच्या तशा ठेवलेल्या असतात. आकडे एका रेषेत हवेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ही सवय टाइपरायटरच्या काळातली आहे. तिथे स्पेसबार दाबला की गाडी दर वेळी तेवढीच सरकायची, त्यामुळे मोजून जागा सोडणे बरोबर होते. आजच्या बहुतेक फाँटमध्ये अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते. ‘र’ अरुंद, तर ‘क्ष’ रुंद. स्पेसची रुंदीही फाँटगणिक बदलते. ‘मंगल’मध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या मोबाइलवर उघडला की दुसरा फाँट त्याची जागा घेतो आणि सगळी मोजणी कोसळते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही हेच होते.

दुरुस्तीची सुरुवात बिघाड डोळ्यांना दिसण्यापासून करावी. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणे एकत्र दाबली, किंवा लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ १०, की लपलेल्या खुणा उघड होतात: स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण आणि परिच्छेदाच्या शेवटी उलट्या ‘पी’सारखी खूण. बाब आणि रक्कम यांच्यामध्ये ठिपक्यांची रांग दिसली की ती पुसून तिथे एकच टॅब द्यावा. मग हिशेबाच्या सगळ्या ओळी निवडून वरच्या रूलरवर दशांश टॅब बसवावा. आता रक्कम कितीही आकडी असली तरी दशांशचिन्हे एकाखाली एकच येतात. नियमावलीच्या कलमांत दुसरी ओळ क्रमांकाखाली न जाता मजकुराखाली यावी म्हणून वर्डमध्ये कंट्रोल आणि टी पुरते. दोन्ही बाजू जुळवलेल्या परिच्छेदात एखाद्या ओळीतले शब्द फार विस्कटलेले दिसले, तर तिच्या शेवटी शिफ्टसह एंटर दाबला गेला आहे का ते पाहावे. तसे असेल तर तो काढून साधा एंटर द्यावा.

एका पानाच्या अर्जासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. लगेच छापून द्यायच्या अर्जात स्पेसने बिघडत काही नाही, हे खरे. पण तिथेही ‘दिनांक’ उजवीकडे नेण्यासाठी पन्नास वेळा स्पेस दाबण्यापेक्षा कंट्रोल आणि आर दाबणे सोपे आहे. पीडीएफ करून पाठवली की प्रश्न मिटला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पीडीएफमध्ये मांडणी हलत नाही, हे बरोबर. पण पुढच्या वर्षी उघडायची असते ती मूळ फाइलच. त्यात ९,५००च्या जागी १०,५०० लिहिले की स्पेसवर उभी असलेली ओळ पुन्हा ढळते आणि नव्या माणसाला पहिल्यापासून ठिपके मोजावे लागतात. दस्तऐवज आपल्यानंतर दुसऱ्याच्या हातात जाणार असतो, म्हणून त्याची मांडणी नीट करणे हे त्या माणसाच्या वेळेची कदर करणे आहे.